आक्काच्या हातांना आराम

"आक्का, ठेव ते खाली! आजपासून भांड्याला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई!"

परसातल्या मोरीपाशी राखेने भरलेले हात घेऊन बसलेल्या द्वारकाबाईने दचकून वर पाहिले. समोर तिचा धाकटा भाऊ रखमाजी उभा होता आणि त्याच्यामागे, पदर खोचून, गावातलीच सोनूबाई. रखमाजी खाली वाकला, बहिणीच्या हातातली काळी ठिक्कर कढई त्याने काढून घेतली, तिचे हात स्वतः पाणी ओतून धुतले आणि त्या भेगाळलेल्या बोटांकडे पाहत म्हणाला, "सव्वीस वर्सं घासलीस. आता पुरे झालं. सोनूबाई घासंल. मी बोली करून आलो."

सव्वीस वर्षांत या घरात कुणी तिच्या हातांकडे पाहिले नव्हते... आणि आज पाहिले ते रखमाने! संध्याकाळी त्याने वाटीत करडईचे तेल कोमट करून आणले आणि आपल्या हाताने तिच्या बोटांना चोळले. दिव्याला नमस्कार करताना त्या दिवशी द्वारकाबाईने देवाजवळ स्वतःसाठी काहीच मागितले नाही. फक्त रखमाचे नाव घेतले.

तिने रखमासाठी काय केले होते, ते परतूरच्या आसपास कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी द्वारका सोळा वर्षांची होती. तिकडे सासरी नवरा गेला, इकडे माहेरी आई गेली, एकाच पंधरवड्यात. बाप बैलगाडी घेऊन आला आणि लेकीला तिच्या आंदणासकट परत घेऊन गेला. घरात सहा वर्षांचा रखमा चुलीपुढे उपाशी बसला होता. दुसऱ्या वर्षी तिला पाटासाठी, पुन्हा लग्नासाठी, चांगले स्थळ आले. माणूस सज्जन होता, बागायत होती, बापही राजी होता. पण द्वारकाच म्हणाली, "मी गेले तर ह्येला भाकर कोण देईल?" आणि गेली नाही. एवढ्या एका वाक्यावर तिने आपला सारा जन्म संपवून टाकला. पुढे रखमाला वाढवले, त्याचे लग्न केले, झुंबरबाई भावजय आली, तिचे बाळंतपण केले, आणि गोजरा नावाची ती पोर झुंबरबाईने जन्माला घातली असली तरी वाढली आत्याच्याच मांडीवर.

आंदणातल्या भांड्यांत एक तांब्याचा हंडा होता. बापाने स्वतः जालन्याला जाऊन तांबटाकडून घडवून घेतलेला, आणि गळ्याशी ठोक्याठोक्याने नाव घातलेले. द्वारकाबाईला अक्षर येत नव्हते. गोजरा शाळेतल्या पंतोजींकडून बाराखडी शिकून आली तेव्हा तिने आत्याचे बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवले होते: "आत्या, हे बघ. द्वारकाबाई हिस बापाकडून. तुझं नाव हाय हे!" त्या दिवसापासून द्वारकाबाई तो हंडा घासताना गळ्याशी आली की तिचा हात आपोआप हळू होई. जमीन रखमाच्या नावावर, घर रखमाच्या नावावर. सासरी तर तिचे नाव घेणारे कुणी उरले नव्हते. साऱ्या जगात तिचे नाव कुठे लिहिलेले असेल तर त्या हंड्यावर.

सोनूबाई कामाला लागली आणि विहिरीवर तीच बातमी. "द्वारका आक्काचं नशीब उघडलं बघा! घरात भांड्याला बाई!" कुणी म्हणाली, आता काय, सुखच सुख. एक तोंडाळ म्हातारी म्हणाली, "बायांनो, बसून खाणारं माणूस घराला लवकर जड होतं." त्यावर सगळ्याच हसल्या.

काम कमी झाले की जीव हलका होतो म्हणतात. होतही असेल कुणाचा. द्वारकाबाईला मात्र जेवणे झाली की हात कुठे ठेवावेत तेच कळेना. परसातून सोनूबाईचे घासणे ऐकू येई, खरखर, खरखर, घाई घाईने, आणि हिचा जीव खालीवर होई. अगं, चिंच आधी लाव, राख मागून... पण बोलायचे नाही, रखमाने शपथ घातली होती. झुंबरबाई तर तिला परसात पाऊलसुद्धा टाकू देत नसे. "वन्सं, बसा बरं तुमी! मालक मला रागावतील." एकदा द्वारकाबाईने विचारलेच, "माझा हंडा दिसंना गं?"

झुंबरबाई चुलीत फुंकर मारत होती. मान वर न करता म्हणाली, "माळ्यावर ठिवलाय गोणपाटात बांधून. लगीनघर हाय, शंभर हात लागत्याल, चेपंल."

केवढी काळजी घेतात माझ्या वस्तूची, असे द्वारकाबाईला वाटले. भोळी ती!

गोजराचे लग्न केदारखेड्याला ठरले होते. मुलगा चांगला, घर खाऊनपिऊन सुखी. विहीण तुळजाबाई मात्र एका गोष्टीवर अडून बसली होती. मुलीसोबत तांब्याचा हंडा हवा, तो नवा हवा, त्यावर मुलीचे नाव हवे. घरात शिरताना नवरीने पहिले पाणी त्याच हंड्यातून भरायचे, आणि त्या हंड्याला नशीब फुटलेल्या बाईचा हात लागलेला नसावा. तिलाही कारण होते. तिच्या स्वतःच्या लेकीला कुणीतरी जुना हंडा दिला होता आणि वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपाळाने माहेरी आली होती. लोकांनी दोष हंड्याला दिला. आईने तो खरा मानला, कारण दुसरा दोष द्यायचा कुणाला?

पण ते लढाईचे दिवस होते. तांब्यापितळेचा पत्रा बाजारातून नाहीसा झाला होता. रखमाजीचे जालना झाले, औरंगाबाद झाले, तो रिकाम्या हाताने परत आला. फाल्गुनात मात्र एक दिवस परतूरच्या स्टेशनावरून तो हसत घरी आला, डोक्यावर गोणपाटात गुंडाळलेला हंडा. "मिळाला!" एवढेच म्हणाला. द्वारकाबाईने देवापुढे साखर ठेवली.

लग्नाच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दाराआड बसून होती. विधवेने मांडवात यायचे नसते. जिला न्हाऊमाखू घातले त्या पोरीवर पडलेल्या अक्षता तिने आवाजावरून ओळखल्या आणि तिथूनच कडाकडा बोटे मोडली.

जेवणे उरकल्यावर मांडवात घोंगडीवर आंदण मांडले. ताटे, तांबे, परात, समई, आणि मधोमध तो हंडा, उन्हात लखलखणारा, सगळीकडून बारीक बारीक ठोके देऊन मठारलेला. गळ्याशी ताजे नाव: चि. सौ. कां. गोजरा. केदारखेड्याच्या बाया वाहवा करू लागल्या. तुळजाबाई पुढे आली, हंड्याभोवती फिरली, बोटाच्या पेराने तिने हंड्यावर टकटक केली, आणि तिचा चेहरा बदलला.

"इवाई, ह्यो हंडा नवा हाय?"

"नवाच की!" रखमाजी म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला त्याचा.

"नवं तांबं असं बोलत न्हाई. मी जनमभर हंडे वाह्यलेत. आन् लढाईत कुणाला हंडा मिळंना, तुमाला कुठून मिळाला?" तिने मांडवाकडे वळून आवाज चढवला. "हे बघा, मी लेकीपायी एकदा पोळले. हंडा जुना निघाला तर सांगून ठिवते, नवरी हितंच ऱ्हाईल, आमी गाड्या जुंपतो!"

मांडवात बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. झुंबरबाईने पदर तोंडाशी धरला, बाशिंगाआड गोजरा दगडासारखी बसली.

तुळजाबाई म्हणाली, "भांड्याचं खरं कासाराला माहीत नसतं, मालकाला माहीत नसतं. घासणारीला माहीत असतं. बोलवा तुमच्या घरातली भांडी घासणारी!"

सोनूबाई ओल्या हातांनी आली. भाबडेपणाने म्हणाली, "मला येऊन चार महिनेच झाले, बाई. म्या तर हा हंडा आजच बघून राह्यले. घरातलं समदं भांडं आक्कानं घासलंय. आक्काला इचारा."

आणि अशा रीतीने ज्या मांडवात तिने यायचे नव्हते, त्या मांडवात द्वारकाबाईला हाक मारून बोलावले गेले. पदर कपाळापर्यंत ओढून ती आली, घोंगडीच्या कडेला गुडघे टेकून बसली. तिच्या मनात कसलाही किंतु नव्हता. रखमाने आणलाय, म्हणजे नवाच असणार. सवयीने तिने उजवा हात हंड्याच्या तोंडातून आत घातला आणि गळ्याच्या आतून बोटे फिरवली...

आणि तिची बोटे थबकली.

बाहेरून ठोक्यांनी सगळे झाकले होते. पण आतून... नव्याने ठोके देणाऱ्या तांबटाने आत हात फिरवला नव्हता! तिच्या लग्नाच्या वेळी बाहेरून मारलेल्या एकेका ठोक्याचा बारीक उंचवटा आत तसाच होता. झिजलेला, चपटा झालेला, पण होता. तिच्या बोटांनी तो हजारो वेळा चिंचेने, राखेने घासला होता. भांडे बाहेरून साऱ्या जगाला दिसते, आतून ते फक्त घासणारीला ठाऊक असते. हा माझा हंडा! माझ्या बापाचा हंडा! हे माझे नाव... यांनी खोडले!

क्षणात तिला सगळे उमगले. हातातून कढई का काढून घेतली, परसात का येऊ दिले नाही, माळ्यावरचे गोणपाट, झुंबरबाईने वर न केलेली मान... आराम द्यायला नव्हे! माझ्या हातांना हंड्यापासून लांब ठेवायला भांडेवाली आणली यांनी! आणि ते कोमट तेल! अरे, त्या तेलाच्या वाटीसाठी मी देवाजवळ तुझे नाव घेतले रे रखमा... केसाने गळा कापलास!

तिने मान वर करून भावाकडे पाहिले. बत्तीस वर्षांचा तो बाप्या, डोईला भरजरी पटका, सहा वर्षांच्या पोराने चुलीपुढे पाहावे तसा पाहत होता. मग त्याने नजर जमिनीला लावली.

"बोला की, बाई," तुळजाबाई म्हणाली. "जुना हाय का?"

एक शब्द! एका शब्दात तिचे नाव तिला परत मिळाले असते. चार गावांच्या देखत तिला म्हणता आले असते, हा माझा आहे, माझ्या बापाने दिला आहे, विचारा माझ्या भावाला! तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडलेसुद्धा. पण बाशिंगाआडून दोन डोळे तिच्याकडे लागले होते. गाड्या जुंपल्या जातील, हळदीच्या अंगाने ती पोर या घरात मागे राहील, आणि मागे राहिलेल्या पोरीचे काय होते हे त्या मांडवात द्वारकाबाईइतके कुणाला ठाऊक होते? तीही परसात बसेल. तिचेही हात भेगाळतील. सव्वीस वर्षे... 

आणि माझ्या फुटक्या नशिबाचा हंडा तिच्या डोईवर? देवा, माझं माझ्यापाशीच राहू दे! एवढे मनात म्हणून तिने हंड्यातून हात बाहेर काढला.

"नवा हाय, विहीणबाई," ती म्हणाली. आवाज बिलकुल हलला नाही. "जुना असता तर सगळ्यांच्या आधी मलाच नसता का कळला?"

तुळजाबाईने तिच्या हातांकडे पाहिले. त्या बोटांच्या भेगा, झिजलेली नखे. असे हात खोटे बोलत नाहीत, असे तिला वाटले असावे. "खरं हाय," ती म्हणाली, आणि मांडवाने श्वास सोडला.

द्वारकाबाई उठली, कुणाकडे न पाहता घरातून सरळ परसात गेली. तिथे लग्नाच्या पंगतीचा ढीग पडला होता, पातेली, पराती, खरकटी ताटे. तिने सोनूबाईला म्हटले, "तू जेवून घे, जा." आणि ती राखेची मूठ भरून बसली. तेव्हा कुठे तिला रडू फुटले, घासण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही एवढेच.

थोड्या वेळाने मागे पावले वाजली. रखमाजी होता.

"आक्का..."

ती घासत राहिली.

"आक्का, माझ्याशी बोल. शिव्या दे. पण बोल!"

"काय बोलू?" ती वळली, आणि तिचे ते लाल डोळे पाहून तो मागे सरला. "अरे, मागितला असतास तर म्या डोईवर घिऊन पायी जालन्याला गेले असते! माझ्या गोजरापरीस हंडा मोठा हाय का मला? पाट नको म्हणले तव्हा मोजलं व्हतं का म्या काही? का न्हाई मागितलास? बोल, का न्हाई?"

"तोंड नव्हतं," तो कसाबसा म्हणाला. "मागितला असता तर सांगावं लागलं असतं की तुझं नाव खोडायचंय. आन् का खोडायचं, ते बी सांगावं लागलं असतं. ते... ते तुला कसं म्हनू, आक्का?"

"जे तोंडानं म्हनवलं न्हाई ते हातानं करवलं तुला!"

तो खालीच बसला. पटका काढून मातीत ठेवला.

"तांबट म्हनला, नाव मजबूत हाय, बापानं मनापासून घालून घेतलंय. एकेक अक्षर मिटवत व्हता आन् मी समोर बसून व्हतो. उठून गेलो न्हाई. तेवढी तर शिक्षा घ्यावी म्हनलं." त्याला हुंदका आवरेना. "आन् तू आज त्या मांडवात... मला वाटलं, आता सांगतीस. सांगायलाच पायजे व्हतं तू! मी त्याच लायकीचा हाय."

"तुझ्यासाठी न्हाई सांगितलं असं नको समजू," ती म्हणाली. "तिच्यासाठी."

आणि ती पुन्हा वळून घासू लागली. तेवढ्यात दारात शालूची सळसळ झाली. गोजरा धावत आली होती, मागून झुंबरबाई, डोळ्याला पदर लावलेली. गाड्या जुंपून तयार होत्या आणि नवरी परसात! गोजराने हळदीचे हात राखेच्या हातांना घट्ट धरले.

"आत्या, मला पाठवणीला हंड्यापाशी बसवलं तव्हा मी आत हात घातला. जसा तू घातला तसा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "आतून अक्षरं उलटी लागत्यात. पण माझ्या बोटांनी वाचली. द्वारकाबाई."

"गप गं!" द्वारकाबाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "ते तुझ्यासोबत जाऊ नये म्हनून मी देवाला आळवून राह्यले. माझं नशीब..."

"त्याच हंड्याचं पाणी पिऊन मोठी झाले ना मी?" गोजरा म्हणाली. "चौदा वर्सं! मंग मला काय झालं? हातीपायी धड हाय मी. बाहीरचं नाव त्यांना दाखवायला. आतलं माझं मला. रोज घासीन, पन हळू."

द्वारकाबाईने तिला पोटाशी धरले. शालूला राख लागली, ती कुणी झटकली नाही. झुंबरबाई पुढे आली आणि न बोलता नणंदेच्या पायांवर डोके ठेवून स्फुंदू लागली. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला, तशी दोघी मायलेकी निघाल्या. दारापर्यंत गेल्यावर झुंबरबाई परत वळली. "वन्सं, चला. पोरीला वाटंला लावायचं काम तुमचं हाय. कोन काय म्हनतं ते मी बघते." आणि भर गावासमोर, साऱ्या सवाष्णींच्या पुढे, द्वारकाबाई त्या गाडीमागे वेशीपर्यंत चालत गेली. गाडीत गोजराच्या मांडीशी हंडा होता, आणि त्या पोरीचा एक हात शेवटपर्यंत हंड्याच्या तोंडात होता.

परत आली तेव्हा परसात माणसे गोळा झाली होती. पाव्हणे, आचारी, सोनूबाई तर कपाळावर हात मारून उभी होती. भरल्या घराचा मालक रखमाजी, धोतर खोचून, मोरीपाशी उकिडवा बसून लग्नाचे पातेले घासत होता! ज्याने जन्मात कधी स्वतःचे ताट उचलले नव्हते, त्याच्या कोपरापर्यंत राख आणि तोंडावर काजळी. कुणी हसले, कुणी म्हणाले, पोरगी गेली म्हणून डोकं फिरलं बिचाऱ्याचं. त्याने कुणाकडे पाहिले नाही.

द्वारकाबाई उभी राहून पाहत होती. माफ केले, असे ती म्हणाली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. काही गोष्टी मिटवल्या तरी आतून हाताला लागतातच. पण त्याची ती उलटी पडलेली बोटे, चिंच न लावताच ओतलेले पाणी, तो नुसताच आवाज... तिला ते बघवेना. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"सरक तिकडं," ती म्हणाली. तिने त्याच्या हाताला धरून तो पातेल्याच्या आत नेला. "अरे रखमा, बाहीरून काय घासतोस? हितं आतून घास."